दोन सूत आत

४ जून

भाऊजी,

आशीर्वाद घाईघाईने घ्या, कारण बातमी पोटात मावत नाहीये. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मला मिळाला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सात दिवस, माझ्या चित्रांचं प्रदर्शन. ग्रंथपाल बाईंनी अर्जावर सही केली तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं की नाव नीट वाचलंत ना. एकतीस वर्षं मी लेबलं काढली. खोकल्याच्या औषधावरचं हसरं बाळ माझं, केसांच्या तेलावरची लांबसडक वेणी माझी, झुरळाच्या पावडरीवरचं उताणं झुरळसुद्धा माझंच, आणि त्याचे सहाच्या सहा पाय मी खऱ्या झुरळाचे मोजून काढले होते. यातल्या एकाही लेबलावर माझं नाव नव्हतं. आता भिंतीवर असेल.

चित्रं मला त्या जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांची करायची आहेत, जी तुम्ही तुमच्या उस्तादांकडे शिकलात. निसर्ग केवढा तरी मोठा आणि माणूस एवढासा: पुलावर, धबधब्याखाली, बर्फात छत्री धरून. सहा चित्रं, सहा जागा, आणि सगळीकडे माणूस तोच. चित्र मी काढायचं, कोरायचं आणि छापायचं तुम्ही. माणूस म्हणून तुमच्या दादांना उभं केलं आहे. सेवानिवृत्त कवायत मास्तर घरात असताना बाहेर कशाला शोधायचं? फक्त ते स्थिर उभे राहत नाहीत. दर दहा मिनिटांनी हात वर, बाजूला, खाली. काल पुलाच्या जागी स्टूल होतं आणि धुक्याच्या जागी पंख्यावरची धूळ.

सोबत पहिलं चित्र आहे, 'पुलावरचा माणूस'. कागद तुम्ही सांगितलात तसा पातळ घेतला आहे. हा कागद तुम्ही फळीवर पालथा चिकटवणार आणि त्याच्यासकटच कोरणार, म्हणजे माझं चित्र तिथेच संपणार हे मला माहीत आहे. दुसरी प्रत नाही. तेव्हा जपून.

गुंडाळी पोस्टात तुमचे दादा टाकतील, तेवढंच त्यांचं चालणं होतं. चित्र कसं झालंय म्हणून विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, छान. प्रत्येक लेबलाला हेच म्हणत आले आहेत, झुरळालासुद्धा. या एका प्रदर्शनात तरी त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून एक चित्र नीट बघावं, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी लोक नाही आले तरी चालतील. म्हणजे, आलेले बरे.

तुमची वहिनी

१९ जून

वहिनी,

चित्र पोचलं. नासपतीच्या फळीला खळ लावून ते पालथं चिकटवलं, वरचा पापुद्रा बोटाने चोळून काढला, तेलाचा हात फिरवला आणि तुमच्या रेघा काळ्याभोर उठून दिसायला लागल्या. नदीचा निळा रंग काठाकडे विरत नेला आहे, तो तीनदा बिघडला आणि चौथ्यांदा जमला. ठसा सोबत आहे. माझ्या मते झकास झालाय, पण मी घरचा माणूस.

एक कबुली द्यायची आहे. आकाशात डावीकडे जो पक्षी उडतो आहे तो तुम्ही काढलेला नाही. तो डास आहे. तुमच्या कागदावर कोणीतरी मारला असावा, आणि मी तो पायांसकट कोरला. माझा नाइलाज असतो हो. पालथ्या कागदावर सगळं उलटं दिसतं. उलटं वाचायला किंवा ओळखायला गेलं की हात अडखळतो, म्हणून उस्तादांचा नियम होता की कागदावर आहे ते कोरायचं आणि डोकं घरी ठेवायचं. लग्नपत्रिकांचे ठसे कोरतो तेव्हासुद्धा नवरा कोण ते मला छापल्यावरच कळतं.

पुढचं चित्र लवकर पाठवा. दादाला सांगा, पुलावर रुबाबदार दिसतोय.

धाकटा

३० जून

छोट्या,

वहिनीच्या दुसऱ्या चित्राच्या गुंडाळीत ही चिठ्ठी मी पोस्टाच्या दारात उभं राहून सरकवतो आहे. तिला यातलं काही माहीत नाही आणि माहीत होताही कामा नये.

रुबाबदार म्हणे. मी ठसा भिंगाखाली धरून पाहिला. पुलावरच्या माणसाला पोट आहे. आता घरात मला थोडं पोट आहे हे मी नाकारत नाही. पण तेवीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर उभा राहून ओरडलो आहे, छाती बाहेर, पोट आत. या गावातल्या निम्म्या बाप्यांनी आयुष्यात एकदा तरी माझ्या भीतीने पोट आत घेतलेलं आहे. ते सगळे नोव्हेंबरात वाचनालयाचा जिना चढून येणार आणि भिंतीवर काय बघणार? सहा ठिकाणी मी आणि सहा ठिकाणी पोट. मला परत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

जास्त काही मागत नाही. दोन सूत आत घे. तुला पोहायला मी शिकवलं हे विसरू नकोस.

उत्तर घरी पाठवू नकोस, मैदानाच्या रखवालदाराकडे पाठव. तो माझा विद्यार्थी आहे, कोणाला सांगणार नाही.

दादा

७ जुलै

दादा,

तू मला पोहायला शिकवलं नाहीस. तू मला विहिरीत ढकललंस आणि वरून शिट्टी वाजवलीस.

सूत म्हणजे किती हे तुला माहीत आहे का? इंचाचा आठवा भाग. चित्रातला तू उभा अंगठ्याएवढा आहेस. दोन सूत आत घेतलं तर पोट पाठीतून बाहेर येईल. फार तर केसभर घेता येईल, आणि या मापात केसभर म्हणजे तुझं दहा किलो वजन उतरलं असं समज.

मला हे पटत नाही. उस्तादांनी आयुष्यभर दुसऱ्याची एक रेघ हलवली नाही, आणि मी तुझ्या पोटासाठी हलवायची. पण तू मोठा भाऊ आहेस, आणि विहिरीची आठवण काढलीस की अजूनही मला ती शिट्टी ऐकू येते. एवढ्या एका चित्रापुरतं करतो. परत सांगू नकोस.

छोट्या

५ ऑगस्ट

वहिनी,

दुसरं, तिसरं आणि चौथं चित्र छापून पाठवतो आहे: धबधबा, बर्फ आणि वेळूचं बन. तिन्ही एकदम पाठवायला उशीर झाला, कारण इथे हवा फार दमट आहे. दमट हवेत लाकूड कधी फुगतं, कधी आवळतं. एखादी रेघ इकडची तिकडे झाली असेल तर पोटात घाला.

मी बरा आहे. दादाची तब्येत कशी आहे?

धाकटा

१४ ऑगस्ट

भाऊजी,

तुमच्या दादांची तब्येत उत्तम आहे, हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण चित्रं बघून कोणाचाही विश्वास बसणार नाही.

चारही ठसे घेऊन मी वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी ते टेबलावर ओळीने मांडले. पूल, धबधबा, बर्फ, वेळू. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "यांना काय झालं होतं?" मी म्हटलं, कोणाला? तर म्हणाल्या, "पुलावर चांगले होते हो. वेळूच्या बनात पोचेपर्यंत काहीच उरलं नाही." माझा हात हातात घेऊन त्या मला धीर देत होत्या. घरी येऊन मी भिंग घेतलं. बाईंचं काही चुकलं नव्हतं. बनात वेळू कुठला आणि हे कुठले, ते फक्त छत्रीवरून कळतं.

लाकूड आवळलं म्हणता. मग ते फक्त पोटापाशीच आवळतं का? डोंगर आवळले नाहीत, धबधबा आवळला नाही, तो डास तर आहे तेवढाच्या तेवढा आहे. मला वाटतं तुम्हाला दिसत नाही नीट. वयाचा मान ठेवा आणि डोळे तपासून घ्या. लाजू नका, मलाही जवळचा नंबर आहे.

भाऊजी, तुम्हाला त्या पोटाची थट्टा वाटत असेल, पण माझं अख्खं चित्र त्याच्यावर उभं आहे. मागे डोंगराची एक मोठी गोलाई घेतली आणि पुढे या माणसाची छोटी गोलाई. दोघं एकमेकांकडे बघून ओळख दाखवतात, म्हणून तो माणूस तिथला वाटतो. पोट काढून घेतलंत की डोंगर एका बाजूला आणि एक काठी दुसऱ्या बाजूला.

ही चार आता राहू देत, दुसरी काढायला वेळ नाही. पाचव्यात ते गवतात आडवे झोपले आहेत, तेव्हा तिथे तुम्ही काय बिघडवणार. पण सहावं सगळ्यांत मोठं आहे, 'तळ्याकाठचा माणूस', आणि त्यात ते बाजूने उभे आहेत. माझं सगळं काम त्या एका रेघेवर आहे. पत्रात लिहिलेलं तुमच्या लक्षात राहत नाही असं दिसतं, म्हणून या वेळी सूचना चित्रावरच, वरच्या कोपऱ्यात ब्रशने लिहून पाठवते. म्हणजे हरवायला नको.

तुमची वहिनी

३ ऑक्टोबर

छोट्या,

गुंडाळी बांधायच्या आधी मी शेवटचं चित्र पाहिलं. मी बाजूने उभा आहे. बाजूने! कोपऱ्यात तिने काहीतरी लिहिलंय, ते मी वाचलं नाही, कारण चष्मा घरी होता आणि माझं लक्ष त्या रेघेवर होतं. पोस्टाच्या बाकावर बसून घाम पुसला.

तू मागच्या वेळी परत सांगू नकोस म्हणालास आणि तरी तीन चित्रांत माझं ऐकलंस. उपकार आहेत. वेळूच्या बनातला मी तर मला फारच आवडलो. आता हे शेवटचं. बर्फातल्यासारखं कर, अगदी वेळूसारखं नको, लोकांना संशय येईल.

आणि हे करणार नसशील तर मी उद्घाटनाला येणार नाही. तिला काय सांगायचं ते मी ठरवलंय, पोट दुखतंय म्हणून सांगेन. तिला वाईट वाटेल हे मला कळतं. पण माणसाला काही इज्जत असते.

दादा

२४ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तुम्हाला वेळेवर मिळेल असं वाटत नाही. सहाव्या चित्राचे ठसे मी सरळ वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवले, वेळ उरला नव्हता. ग्रंथपाल बाई काचेत बसवून घेतील. म्हणजे तुम्ही ते भिंतीवरच बघणार. तुम्ही तिथे फार मोठ्याने ओरडला नसाल अशी आशा आहे.

आधी जुनं पाप. डोळे माझे ठणठणीत आहेत. तीन चित्रांतलं पोट मी जाणूनबुजून कमी केलं. कोणाच्या सांगण्यावरून ते सांगणार नाही असं मी वचन दिलं आहे, पण तो माणूस तुमच्या घरात राहतो आणि पूर्वी कवायत शिकवायचा.

सहाव्या चित्राच्या वेळी मी ठरवलं की आता भाऊ नाही आणि वहिनी नाही. उस्तादांचा नियम पाळायचा. कागदावर आहे ते कोरायचं, डोकं घरी ठेवायचं. बारा दिवस मान वर केली नाही. डोंगर कोरला, तळं कोरलं, दादाचं पोट केसालाही धक्का न लावता कोरलं, आणि वरच्या कोपऱ्यातल्या नाजूक वेलबुट्टीला तर चार दिवस दिले. फळीवर शाई लावली, कागद ठेवला, घासला, उचलला. वेलबुट्टी सुलटी झाली आणि मला वाचता आली.

तुमची सूचना होती ती, वहिनी, पत्रात आधी कळवलेली आणि मी डोक्यासोबत घरी ठेवलेली. पहिलेच शब्द आहेत, "हे कोरू नका."

मी खाली बसलो. मग हसलो. मग घाबरलो. आता खरं सांगतो, ती अक्षरं तासून काढायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. पटाशी हातात घेतलीही होती. पण तेवढ्यात पुढचं वाचलं. कोरताना मी वाचत नाही, पण छापलेलं तर वाचतो ना. वाचून झाल्यावर पटाशी खाली ठेवली आणि सगळे ठसे तसेच छापले. तेव्हा कोरली ती चूक माझ्या हाताची, आणि ठेवली ती माझी स्वतःची. जे बोलायचं ते मला बोला. दादाला काही बोलू नका.

धाकटा

९ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र दोन तारखेला मिळालं. उद्घाटन एक तारखेला झालं. आता क्रमाने सांगते, मध्ये बोलू नका.

सकाळीच तुमच्या दादांनी पोट धरलं. म्हणाले, कळा येतायत, तू हो पुढे. मी पिशवी उचलली. आपल्याला रडू येतंय हे आपल्याच उद्घाटनाला जाताना कळणं फार वाईट असतं. एकटीच जिना चढले. वर गेले तर समोरच्या भिंतीवर सहावं चित्र, आणि त्याच्यासमोर गर्दी. मला आधी आनंद झाला. मग जवळ गेले आणि वरच्या कोपऱ्यातलं माझंच अक्षर ओळखलं.

बाईंनी खाली चिठ्ठी लावली होती, 'जपानी परंपरेनुसार चित्रावर काव्यपंक्ती'. एक गृहस्थ सगळ्यांना समजावत होते की "हे कोरू नका" या पहिल्या ओळीत फार खोल अर्थ आहे, सौंदर्याला हात लावू नये असं कवयित्रीला म्हणायचं आहे. बाकीचे माना हलवत होते. मी मागे सूचनांच्या उभ्या फळ्याला टेकून उभी राहिले. चित्र उतरवा म्हणावं, तर ते सगळ्यांत चांगलं उतरलं होतं हो. तळ्याचा निळा तुम्ही जो काही विरत नेला आहे, त्याला तोड नाही.

आलेल्यांत ह्यांचे जुने विद्यार्थी अकरा होते, मी मोजले. सगळे आता चाळिशी-पन्नाशीचे, चांगले सुखवस्तू. साडेअकराला दारात तुमचे दादा उभे, घरी एकट्याला बसवेना असं नंतर म्हणाले. पोटाच्या कळा सोसून, लग्नातला कोट घालून, सगळी बटणं लावून. श्वास कोंडून धरलेला होता, चेहरा लाल. सरांना बघितल्याबरोबर त्या अकराही जणांनी आपापली पोटं आत घेतली. कोणी कोणाला सांगितलं नाही, आपोआप झालं. एकाच्या हातातला चहा सांडला.

हे कोणाशी न बोलता सरळ चित्राकडे गेले. आधी ती रेघ बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. मग वरचं वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक शब्द. तुम्हाला पाठ असेल, पण मी पुन्हा लिहिते, कारण आता सगळ्या गावाला पाठ आहे:

"हे कोरू नका. भाऊजी, पोटाची रेघ आहे तशीच ठेवा. एकतीस वर्षं या माणसाशेजारी बसून मी कामं केली, ही रेघ मला डोळे मिटून काढता येते आणि मला ती आवडते. त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील."

वाचून झालं. ते वळले आणि मला शोधलं. मी फळ्याच्या आड होते तरी दिसले. मग, भाऊजी, त्यांनी श्वास सोडला. अगदी सगळा. कोटाचं एक बटण उडालं आणि कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. सरांनी सोडला म्हटल्यावर त्या अकरा जणांनीही सोडला, आणि हॉलमध्ये सायकलीची ट्यूब पंक्चर झाल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर ते येऊन माझ्या शेजारी उभे राहिले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. कोणी आलं की सांगायचे, तो मी, तळ्याकाठचा. डोक्यावर बसले म्हणायला हरकत नाही.

तुमच्या कटाबद्दल मी त्यांना अजून काही बोलले नाही. रखवालदाराने मला येऊन तुमची पत्रं दाखवली आहेत, हे ती त्याच्याकडेच ठेवायचे; तो माझाही विद्यार्थी निघाला, चित्रकलेच्या शिकवणीतला.

पण तुम्हाला हे सगळं सांगायला पत्र लिहीत नाहीये. प्रदर्शनाच्या सातही दिवशी हे वाचनालयात जात होते. मला वाटलं, स्वतःला बघायला जातात. बाईंनी सांगितलं, पहिले दोन दिवस तसंच होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेका चित्रासमोर अर्धा अर्धा तास बसले. काल चित्रं घरी आणली. मी ती पलंगाखाली सरकवत होते, तेव्हा हे सहावं चित्र धरून उभे राहिले. मला म्हणाले, "अगं, तळ्यात तो डोंगर उलटा पडलाय. हा तू कसा काढलास?"

एकतीस वर्षांत त्यांनी मला चित्राबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मला रडूच आलं. मग तसंच डोळे पुसत मी एक कागद घेतला, त्यांना शेजारी बसवलं आणि डोंगर आधी काढायचा की पाणी, इथपासून दाखवायला लागले.

तुमची वहिनी